रेड वाईन समजून घेताना: आधी द्राक्षाची जात, मग त्याची जागा

पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या कुठल्याही बऱ्या दुकानात रेड वाईनच्या फळीवर नाशिकची शिराझ, पोर्तुगालची आलेंतेजु, ऑस्ट्रेलियाची एखादी बाटली आणि आपली गोड गोवन पोर्ट शेजारी शेजारी उभ्या असतात. नवखा माणूस विचारतो, "यातली चांगली कुठली?" आणि दुकानदार किमतीकडे बोट दाखवतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण अशा प्रश्नाला दुसरे उत्तर नसते. विचारायला हवेत ते प्रश्न दोन: द्राक्ष कुठल्या जातीचे, आणि ते पिकले कुठे?

आंब्याच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मानकुराद आणि हापूस वेगळे लागतात हे गोव्यातल्या शाळकरी पोरालाही कळते. हापूस देवगडचा की कर्नाटकातला, हे आपण पेटीला नाक लावून ठरवतो. जात एकच, पण माती-हवा बदलली की फळ बदलते. रेड वाईनमध्येही हे दोनच मोठे धागे आहेत. अडचण एवढीच, की बाटलीत ते एकमेकांत गुंतलेले असतात आणि पहिल्याच घोटात सुटे करता येत नाहीत.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. चाखताना एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा तीच ठेवून जात बदला, नंतर जात तीच ठेवून जागा बदला. चार-पाच जणांनी मिळून बाटल्या आणल्या तर खर्च विभागतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच येते. चाखायला पन्नास-साठ मिलिलिटर पुरे. थुंकायला एक रिकामा पेला जवळ ठेवा. जगभरचे वाईन पारखणारे तेच करतात. आणि गाडी चालवून घरी जाणाऱ्याने त्या दिवशी फक्त वास घ्यावा.

पहिली पायरी: काळे द्राक्ष हातात घ्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काळी, बियांची द्राक्षे दिसली तर पावशेर घ्या. बंगळूर ब्लू मिळाली तर उत्तमच. मणी दोन बोटांत दाबा. गर सालीतून सुळकन बाहेर येतो आणि तो काळा नसतो, फिकट हिरवट असतो. आता उरलेली साल एकटी चावा, मग एखादी बी दाताखाली फोडा. हिरड्या आवळल्यासारख्या होतात, जीभ कोरडी पडते. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन.

रेड वाईनची निम्मी गोष्ट या एका मण्यात आहे. रंग सालीत, तुरटपणा सालीत आणि बीत, साखर आणि आंबटपणा गरात. काळ्या द्राक्षाचा नुसता रस काढून आंबवला तर जवळजवळ पांढरी वाईन होते. रेड करायची तर रस सालींसकट आंबवतात, काही दिवस ते काही आठवडे. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवते आणि त्याच वेळी सालीतला रंग आणि टॅनिन रसात उतरतात. म्हणजे साल जाड की पातळ, मणी लहान की मोठा, यावर पुष्कळ काही ठरते. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग गडद आणि तुरटपणा जास्त.

बाजारातली खायची द्राक्षे आणि वाईनची द्राक्षे यांत मोठा फरक आहे. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा, आणि आपल्याला वाटते त्याहून गोड. खायच्या द्राक्षात साखर साधारण १६ ते १८ ब्रिक्स (रसातली साखर मोजण्याचे माप, ढोबळमानाने टक्के) असते, तर रेड वाईनसाठी २२ ते २५ ब्रिक्सवर तोडणी होते. ती सगळी साखर आंबली की तेरा-चौदा टक्के अल्कोहोलची कोरडी वाईन तयार होते. गोडी गेलेली असते. "रेड वाईन गोड का नाही?" या नवख्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

दुसरी पायरी: तोंडात काय शोधायचे

चारच गोष्टी. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते का, तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडतात का, ते टॅनिन. घोट पाण्यासारखा पातळ की दुधासारखा भरीव, तो भार. घशात ऊब किती, ते अल्कोहोल. फळांचे आणि मसाल्यांचे वास यानंतर. सुरुवातीलाच "यात काळ्या मनुकांचा वास येतो" वगैरे शोधत बसलात तर मूळ सांगाडा हातून निसटतो.

दोन वाईनच्या मध्ये पोदेराचा साधा उंडा (गोल पाव) आणि पाणी घ्या. फरसाण आणि चिवडा दूर ठेवा. मीठ-तिखटाने तुरटपणाचा अंदाज पार चुकतो.

तिसरी पायरी: जागा एक, जाती दोन

नाशिकच्या एकाच वायनरीची कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ घ्या, साधारण सारख्याच किमतीची. वायनरी एकच घ्यायची, म्हणजे बनवणाऱ्याचा हातही बदलत नाही आणि उरतो तो फरक बहुतांशी जातीचा. दोन सारखे ग्लास, शेजारी शेजारी, एकात एक, दुसऱ्यात दुसरी, दोन्हींत सारख्याच मापाची.

कॅबर्नेचा मणी बारीक आणि साल जाड. तिचे आईबाप कोण, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने डीएनए तपासून सांगितले: कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां. एक काळे द्राक्ष, एक पांढरे, आणि त्यांच्या नैसर्गिक संकरातून जगातले सर्वांत जास्त लावले गेलेले वाईनचे काळे द्राक्ष! कॅबर्नेच्या ग्लासात पुष्कळदा हिरव्या ढबू मिरचीचा वास येतो. तो भास नाही. ढबू मिरचीला वास देणारे पायराझिन कुळातले संयुग या द्राक्षात खरोखरच असते. द्राक्ष उन्हात नीट पिकत गेले की ते कमी होते. म्हणजे कॅबर्नेत मिरची किती जाणवते यावरून द्राक्ष किती पिकले होते याचा अंदाज बांधता येतो. जात आणि जागा एकमेकांना कशा भेटतात, ते इथे नाकाला कळते.

शिराझमध्ये मिरी शोधा. तिच्या सालीत रोटंडोन नावाचे संयुग असते. आपल्या कुळागरात पोफळीवर चढणाऱ्या मिरीच्या वेलाच्या दाण्यातही तेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हा संबंध उलगडला. गंमत अशी, की साधारण पाचांतल्या एका माणसाला या संयुगाचा वास येतच नाही. तेव्हा मित्र "मिरी, मिरी" म्हणत असतील आणि तुम्हाला काहीच जाणवत नसेल तर वाद घालू नका. दोघेही खरे असू शकता.

बाकीच्या जातींची तोंडओळख भरभर करून घेऊ. मर्लो कॅबर्नेपेक्षा लवकर पिकते आणि मऊ लागते, म्हणून तुरटपणा न आवडणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. पिनो न्वारची साल पातळ, रंग फिका, आंबटपणा चांगला. तिला गारवा लागतो आणि उष्ण जागी ती सपाट होते. इटलीची सांजोव्हेजे आंबट-तुरट, जेवणाशिवाय जरा रुक्ष. स्पेनची टेम्प्रानिओ मधली वाट धरते. माल्बेक मूळची नैऋत्य फ्रान्सची, पण तिचे बस्तान बसले ते अर्जेंटिनात, अँडीजच्या पायथ्याच्या मेंदोसात. जाती ओळखणे जाणत्यांनाही सोपे नसते. चिलीत मर्लो म्हणून वाढवलेल्या कितीतरी वेली कार्मेनेर या वेगळ्याच जातीच्या आहेत हे १९९४ मध्ये उघड झाले, तोवर ती वाईन मर्लो म्हणून खुशाल विकली जात होती.

चौथी पायरी: जात एक, जागा दोन

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. नाशिकची शिराझ आणि ऑस्ट्रेलियाच्या बारोसाची शिराझ समोरासमोर ठेवा. खिसा परवानगी देईल तेव्हा फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली एखादी बाटली तिसरी म्हणून घ्या. तिथे या द्राक्षाला सिरा म्हणतात.

जागा नेमके काय करते? मुख्यतः उष्णता आणि पाणी यांचा हिशेब करते. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आम्ल घटते. उष्ण जागी दोन्ही वेगाने होते, म्हणून वाईन भरीव, उबदार, शिजवलेल्या फळासारखी लागते. बारोसाच्या लेबलवर साडेचौदा टक्के दिसले तर नवल नाही. गार जागी पिकणे सावकाश चालते, आंबटपणा टिकतो, अल्कोहोल कमी राहते. उत्तर ऱ्होनमध्ये ती मिरी जास्त स्पष्ट येते, कारण रोटंडोन गार जागी जास्त टिकते.

मातीबद्दल मात्र जरा जपून. "या वाईनमध्ये दगडाची चव उतरली आहे" असे विक्रेते सांगतात, पण मुळे खडकाची चव शोषून मण्यात आणून ठेवत नाहीत. माती काम करते ते पाणी धरून किंवा सोडून, ऊब साठवून किंवा गारवा राखून. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये हे फार स्वच्छ दिसते. नदीच्या डाव्या काठाला गोट्यांची, पाणी निचरणारी, लवकर तापणारी जमीन आहे. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ती मानवते. उजव्या काठाला पोमेरोल, सां-तेमिलिओं भागात चिकणमाती, गार आणि ओल धरणारी. तिथे लवकर पिकणारी मर्लो राज्य करते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे पिकले ते ठेवले, जे पिकले नाही ते उपटले, त्यातून ही वाटणी झाली.

आता आपल्याकडे या. नाशिक जवळपास विसाव्या अक्षांशावर आहे. वाईनचे जुने मुलूख साधारण तीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यातले, जिथे हिवाळ्यात वेल झोपते. आपल्या हवेत ती झोपत नाही, म्हणून शेतकरी तिला छाटणीने वळण लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यावर येते ती नुसती काडी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, तिच्यावर फळ धरायचे. अशा रीतीने पावसाळा टाळून पीक थंडीत आणतात आणि जानेवारी ते मार्च तोडणी करतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि थंडीतल्या गार रात्री आंबटपणा राखून ठेवतात.

पण एक पेच आहे आणि नाशिकच्या रेड वाईनचा स्वभाव त्यातून घडतो. युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा पुढे हिवाळा येत असतो, दिवस गार होत जातात. नाशिकला पुढे उन्हाळा असतो. काळी जात फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व होते आणि तेव्हा ऊन रोज चढत असते. थांबावे तर आम्ल पडते, घाई करावी तर साल आणि बी कच्ची राहतात. चांगल्या नाशिक शिराझमध्ये पिकलेले फळ आणि ताजा आंबटपणा दोन्ही सापडले, तर कोणीतरी तो एक आठवडा नेमका पकडला आहे असे समजा. मला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो.

बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या बाजूला बागा आणखी उंचावर, सुमारे ९०० मीटरवर आहेत. अकलूजकडच्या फ्रातेल्ली वायनरीने सांजोव्हेजे लावली. हंपीच्या टेकड्यांत क्रस्मा वायनरीची कॅबर्ने होते. तीन वेगळ्या हवा, आणि तिन्ही आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासाइतक्याच दूर.

गोव्यात का नाही, असा प्रश्न येतोच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा बारा महिने दमट आणि थंडीतही रात्र म्हणावी तशी गार होत नाही. दमट हवेत केवडा आणि भुरी हे रोग द्राक्षवेलीला सोडत नाहीत, आणि उबदार रात्री आम्ल खाऊन टाकतात. आपल्या जांभ्या दगडाच्या उतारांवर काजू पिकतो आणि त्याचा उर्राक आणि फेणी होते. त्या जमिनीचे आणि त्या हवेचे ते योग्य फळ आहे.

पाचवी पायरी: पोर्तुगालची फळी

इतर राज्यांतल्या नवख्यापेक्षा गोव्यातला नवखा इथे नशीबवान आहे. पोर्तुगीज बाटल्या आपल्या दुकानांत सहज दिसतात आणि जागेचा धडा शिकायला पोर्तुगालसारखा छोटा देश शोधून सापडायचा नाही.

दोउरो नदीचे खोरे उत्तरेला. किनाऱ्यावरच्या पोर्तो शहरात भरपूर पाऊस, पण मारांव नावाचा डोंगर अटलांटिकचे ढग अडवतो आणि पलीकडचे खोरे कोरडे राहते. सह्याद्री ओलांडून चोर्ला घाटातून बेळगावच्या पुढे गेल्यावर जी हवा पालटते, तोच प्रकार. उन्हाळ्यात तिथे चाळीस अंशांच्या वर पारा जातो. जमीन शिस्ट या पापुद्र्याच्या खडकाची आहे आणि त्याच्या भेगांतून मुळे खोल ओलीपर्यंत जातात. तोरिगा नासियोनाल ही तिथली मानाची जात: बारीक मणी, जाड साल, गडद रंग, आणि एक फुलासारखा वास जो या जातीलाच शोभतो. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये मार्केझ द पोम्बाल या पोर्तुगीज मंत्र्याच्या काळात आखली गेली. जगातल्या सर्वांत जुन्या आखून दिलेल्या वाईन प्रदेशांत तिची गणना होते.

दोउरोच्या दक्षिणेला दाँव. तीच तोरिगा, पण ग्रॅनाइटची जमीन, चहूबाजूंनी डोंगर, जास्त उंची. वाईन सडपातळ आणि ताजी. आणखी खाली आलेंतेजु, सपाट आणि तापट मुलूख, तिथल्या वाईन मऊ आणि पिकलेल्या. नवख्याने पोर्तुगालची पहिली बाटली आलेंतेजुची घ्यावी, दुसरी दाँवची, दोउरो तिसरी. टेम्प्रानिओला दोउरोत तिंता रोरिश म्हणतात आणि आलेंतेजुत आरागोनेश, एवढे लक्षात ठेवा म्हणजे लेबलवर एकाच द्राक्षाला तीन द्राक्षे समजणार नाही.

आणि पोर्ट? खरी पोर्ट दोउरोतच होते. साखर संपायच्या आत द्राक्षाचे कडक मद्य ओतून आंबवण थांबवतात, म्हणून गोडी उरते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जाते. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून विकली जाते ती वेगळी, बहुतेक बंगळूर ब्लूची. या द्राक्षाचे कुळच युरोपातल्या वाईनच्या द्राक्षांहून वेगळे, त्याचा तो उग्र-गोड वास लगेच ओळखू येतो. अनेक गोमंतकीय घरांत पाहुण्यासमोर पहिला छोटा ग्लास तिचाच येतो. तिला नावे ठेवू नयेत, पण तिच्यावरून "रेड वाईन कशी असते" हेही ठरवू नये.

लेबल वाचताना

युरोप जागेचे नाव मोठे लिहितो, बाकीचे जग जातीचे. इटलीतल्या कियांतीचे नाव लिहिले असेल तर आत किमान ७० टक्के सांजोव्हेजे, कियांती क्लासिको असेल तर किमान ८०. फ्रान्सच्या बूर्गोन्यची रेड म्हणजे जवळपास नेहमी पिनो न्वार. युरोपात जातीचे नाव छापायचे तर त्या जातीची किमान ८५ टक्के द्राक्षे लागतात. आणि जागेचे नाव जितके लहान, तितकी तिची चव उघड. "साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" हा अनेक राज्यांचा पट्टा आहे, त्यातून जागा शिकता येत नाही. "बारोसा" लिहिलेली घ्या.

लेबलवरचे वर्ष बघताना ध्यानात घ्या, की भारतातली तोडणी वर्षाच्या सुरुवातीला होते आणि युरोपातली सप्टेंबर-ऑक्टोबरला. एकाच वर्षाची भारतीय बाटली सहा-आठ महिन्यांनी थोरली असते. रोजच्या किमतीतल्या भारतीय रेड वाईन तीन-चार वर्षांत संपवाव्यात.

गोव्याची हवा आणि गोव्याचे ताट

"रेड वाईन रूम टेम्परेचरला प्या" हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. मे महिन्यात आपल्या खोलीत तीस अंश असतात आणि त्या उबेत नुसते अल्कोहोल नाकात जाते. जात आणि जागा दोन्ही झाकल्या जातात. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंशांवर आली की प्या. पिनो न्वारसारखी हलकी असेल तर आणखी थोडी गार. दुकानाच्या उन्हातल्या काचेत उभी असलेली बाटली घेऊ नका, आणि विकत घेतलेली गाडीच्या डिकीत विसरू नका.

जेवणाबरोबर टॅनिन आणि तिखट यांची गाठ घालू नका. तिखट जास्त भडकते. शागुतीबरोबर आलेंतेजु किंवा मऊ शिराझ जमते, खोबऱ्याचा भाजका मसाला त्यांना सावरून घेतो. चोरीसाच्या (गोवन सॉसेजच्या) चरबीला दाँवचा आंबटपणा कापतो. पावसाळ्यात अळमी (रानातली अळिंबी) मिळाली तर तिच्याबरोबर टेम्प्रानिओ. माशांच्या हुमणाबरोबर रेड उघडू नका. वाईनमधल्या लोहामुळे मागाहून तोंडात हिवस, माशासारखा वास राहतो. बांगड्याचा आणि बाटलीचा, दोन्हींचा घात होतो.

शेवटी स्वतःची परीक्षा

दोन-तीन जोड्या चाखून झाल्या की बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घरातल्या कोणालातरी सांगा. त्यांनी ओतायचे, तुम्ही वहीत चार गोष्टी लिहायच्या: आंबटपणा, तुरटपणा, भार, ऊब. त्यावरून आधी हवा उष्ण की गार ते ठरवा आणि मगच जातीचे नाव घ्या. जात चुकली आणि हवा बरोबर आली तरी धडा पक्का झाला असे धरा. मग कागद काढा. उरलेली वाईन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, कारण जाड सालीच्या जाती रात्रभरात थोड्या निवळतात आणि पातळ सालीच्या ढासळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर जे उरेल ते शागुतीच्या रश्शात घाला.